सलाईनच्या बाटलीवरचं ऊन

थोडं लांब लिहितोय. ज्यांच्या घरात सध्या कुणाची केमो चालू आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा, बाकीच्यांनी सवडीने. आणि वाचायच्या आधीच "सर, तुम्ही डॉक्टर आहात का?" असं विचारणाऱ्यांना आत्ताच सांगून टाकतो: नाही. एकतीस वर्षं अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवली. पेशंटला कुठलं औषध द्यायचं हे मला कळत नाही आणि त्यात मी नाक खुपसणार नाही. पण बाटलीतल्या पाण्यात विरघळलेला रेणू उन्हात ठेवला तर त्याचं काय होतं, हा माझा विषय आहे.

झालं असं. माझ्या थोरल्या भावाचा मुलगा, वय चोवीस, हॉजकिन लिम्फोमा. बरा होणारा कॅन्सर आहे, हे आधी सांगतो म्हणजे उगाच कुणी हळहळायला नको. त्याला एबीव्हीडी नावाची औषधांची चौकडी चालू आहे. अ‍ॅड्रियामायसिन, ब्लिओमायसिन, व्हिनब्लास्टिन आणि डकार्बझिन. दर पंधरा दिवसांनी एकदा. १९७०च्या दशकात इटलीत मिलानला बोनाडोना नावाच्या डॉक्टरांनी ही चौकडी जुळवली आणि आजही ती जगभर वापरतात. म्हणजे औषध जुनं, पारखलेलं, आणि त्याच्या खोडीही सगळ्यांना माहीत असलेल्या.

मे महिना. सोलापूरचं ऊन मी सोलापूरकरांना काय सांगू. डे-केअर वॉर्डात पश्चिमेच्या खिडकीपाशी पुतण्याची खाट. दुपारी अडीच-तीनला डकार्बझिनची बाटली चढली. साधी पारदर्शक बाटली, साधी पारदर्शक नळी, आणि दोन्हींवर खिडकीतून सरळ ऊन. दहा-पंधरा मिनिटांत पोरगा कळवळायला लागला. मनगटापासून कोपरापर्यंत आग होतेय म्हणाला. सिस्टर आल्या, ड्रिपचा वेग कमी केला, म्हणाल्या, "हे औषध जळजळतंच." खरं आहे, ते जळजळतं. पण मी बाटलीकडे बघितलं तर आतल्या पाण्याला फिकट गुलाबी झाक आली होती.

मी म्हटलं, "सिस्टर, ही झाकायची असते ना?"

"काका, एवढं काही होत नाही त्याने."

आमच्या वहिनींनी एका शब्दाने काही विचारलं नाही. उन्हासाठी डोक्याला बांधलेला काळा स्कार्फ सोडला आणि बाटलीला गुंडाळला. नळीला मी वर्तमानपत्र गुंडाळलं. राऊंडला आलेल्या साहेबांनी ते बघितलं आणि म्हणाले, "हे काय बांधून ठेवलंय? काढा ते, लेव्हल दिसत नाही." नंतर मी ऑफिसात गेलो. तिथल्या साहेबांनी चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं, आणि हसून म्हणाले, "सर, तुम्ही जरा जास्तच वाचता."

हॉस्पिटलचं नाव लिहिणार नाही. इनबॉक्समध्येही विचारू नका. एका हॉस्पिटलला झोडपून बाकीच्यांना मोकळं सोडायचा माझा विचार नाही.

मी काही गुप्त ग्रंथ वाचला नव्हता. डकार्बझिनच्या खोक्यावर छापलेलंच असतं, प्रकाशापासून जपा. इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात. गंमत अशी की ते खोकं फार्मसीतच राहतं. वॉर्डात येते ती औषध मिसळलेली सलाईनची बाटली, तिच्यावर पेनने लिहिलेलं पेशंटचं नाव आणि औषधाचं नाव. म्हणजे इशारा खोक्याबरोबर कचऱ्यात आणि औषध उन्हात. ज्या कंपनीने औषध बनवलं ती वेडी आहे म्हणून तिने ते वाक्य छापलंय का?

आता थोडी केमिस्ट्री. घाबरू नका, परीक्षा नाही.

हळदीचा डाग पांढऱ्या शर्टावर पडला तर आपल्या आया काय करायच्या? धुवायच्या आणि उन्हात टाकायच्या. साबणाने हटला नाही तो डाग उन्हाने हटायचा. तिथे उन्हाने नुसता रंग "उडत" नाही. हळदीतला पिवळा रेणू उजेड गिळतो, त्या ऊर्जेने त्याचे तुकडे पडतात, आणि तुकडे पिवळे नसतात म्हणून डाग दिसत नाही. हळद शर्टावरून पळून गेलेली नसते, तिचं दुसरंच काहीतरी झालेलं असतं. एवढं ज्याला पटलं त्याला पुढचं सगळं पटेल.

रेणूमधले अणू एकमेकांना जोडलेले असतात ते इलेक्ट्रॉनच्या जोडीने. उजेडाच्या कणात पुरेशी ऊर्जा असली आणि त्या रेणूला तो उजेड गिळता आला, तर हा बंध मधोमध तुटू शकतो. दोन्ही तुकड्यांच्या वाट्याला एकेक इलेक्ट्रॉन. असा एकटा इलेक्ट्रॉन घेऊन फिरणारा तुकडा म्हणजे फ्री रॅडिकल, मराठीत मुक्त मूलक. त्याला जोडीदार पाहिजे असतो आणि तो शेजाऱ्याचा ओढून घेतो. मग शेजारी एकटा पडतो, तो पुढच्याचा ओढतो, अशी साखळी. दुसरी तऱ्हा अशी की बंध तुटत नाही, पण उजेडाने तापलेला रेणू एक इलेक्ट्रॉन पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनला देतो. त्यातून सुपरऑक्साइड, त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड, आणि लोखंडाचा अंश जवळ असला तर त्यातून हायड्रॉक्सिल रॅडिकल. हा हायड्रॉक्सिल म्हणजे या घराण्यातला सगळ्यात माथेफिरू. सेकंदाच्या अब्जाव्या भागात समोर येईल त्याला चावून मोकळा होतो.

"एवढ्या कमी वेळ टिकणारी गोष्ट दिसली कुणाला?" असा प्रश्न वर्गात हुशार पोरं विचारायची. दिसते. १९४४ साली रशियात कझानला झाव्होइस्की नावाच्या शास्त्रज्ञाने एकट्या इलेक्ट्रॉनचा चुंबकीय सिग्नल पकडायची पद्धत काढली, इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्स. आणि जे रॅडिकल फारच कमी टिकतात त्यांच्यासाठी रसायनशास्त्रज्ञ द्रावणात एक सापळा टाकतात. सापळ्याचा रेणू रॅडिकलला चिकटतो, चिकटलेली जोडी जास्त वेळ टिकते आणि यंत्रात तिची सही उमटते. औषधाचं पाण्यातलं द्रावण, त्यात सापळा, वरून उजेड. दिवा बंद तर सही नाही, दिवा लावला तर सही हजर. कॅन्सरच्या कितीतरी औषधांवर हे करून झालंय. "एवढं काही होत नाही" म्हणणाऱ्याने निदान हे म्हणण्याआधी "मी बघितलेलं नाही" अशी पुस्ती जोडावी.

आता त्या गुलाबी पाण्याकडे येतो. डकार्बझिनच्या रेणूत तीन नायट्रोजन ओळीने उभे असतात. तोच त्याचा दुबळा सांधा. उजेड पडला की तिथे तो तुटतो, एकीकडे डायमिथिल अमाईन आणि दुसरीकडे डायझो-आयसी नावाचा तुकडा. हा डायझो तुकडा स्वतःच अस्थिर, त्याचं पुढे आणखी काही होत राहतं, आणि या सगळ्या भानगडीत पाणी गुलाबी होतं. या औषधाच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं की रंग गुलाबी झाला तर औषध बिघडलंय असं समजा. शिरेत जी आग होते तिचा संशय बऱ्याच वर्षांपासून याच उजेडात तुटलेल्या तुकड्यांवर आहे, मुख्यतः डायझो-आयसीवर, आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांनी तो बळकटच झालाय.

पुढच्या खेपेला आम्ही आतल्या बाजूची खाट मागून घेतली. घरून काळी पिशवी नेली आणि स्वयंपाकघरात पोळ्या गुंडाळतो ती चंदेरी फॉइल नेली. बाटली पिशवीत, नळी फॉइलमध्ये. पोराला त्रास झाला, पण मागच्यासारखा नाही. आता इथे मी मास्तर आहे हे विसरत नाही. एका पेशंटच्या दोन खेपांवरून काहीही सिद्ध होत नाही. सुई वेगळ्या शिरेत होती, वेग वेगळा होता, मनातली भीती कमी होती. माझ्या पुतण्याचा अनुभव पुरावा म्हणून घेऊ नका. पुरावा खोक्यावर छापलेला आहे.

ज्याला या चर्चेत "तुम्ही जास्त वाचता" म्हणायचंय त्याच्यासाठी आणखी एक. त्याच हॉस्पिटलात खालच्या मजल्यावर लहान मुलांचा विभाग आहे. कावीळ झालेल्या नवजात बाळांना तिथे निळ्या दिव्याखाली ठेवतात. का? तर उजेडाने बिलिरुबिनचा रेणू बदलतो आणि शरीराबाहेर टाकायला सोपा होतो. हा शोधही फार मजेशीर लागला. इंग्लंडमध्ये रॉचफर्डच्या हॉस्पिटलात सिस्टर वॉर्ड नावाच्या नर्स बाळांना अंगणात उन्हात न्यायच्या, तेव्हा ऊन लागलेल्या जागची कातडी कमी पिवळी दिसते हे त्यांच्या लक्षात आलं. आणि तिथेच एकदा काविळीच्या रक्ताची नळी खिडकीत उन्हात राहून गेली, तर तिच्यातलं बिलिरुबिन अपेक्षेपेक्षा कितीतरी कमी भरलं. पुढे त्यावर पद्धतशीर काम होऊन १९५८ साली लॅन्सेटमध्ये छापून आलं. खिडकीत राहिलेली एक नळी, आणि तिने जगभरातली लाखो बाळं वाचवली. खालच्या मजल्यावर उजेडाने रेणू बदलतो यावर आपला पूर्ण विश्वास, त्यासाठी मशीन विकत घेतलेलं. जिना चढून वर आलं की "एवढं काही होत नाही".

आयसीयूमध्ये रक्तदाब उतरवायला नायट्रोप्रुसाइड देतात, ती बाटली नेहमी झाकून ठेवतात, कारण उजेडात त्यातून सायनाइड सुटतं. तिथे "लेव्हल दिसत नाही" ही तक्रार कुणी करत नाही.

सबबी मी सगळ्या ऐकल्यात. पहिली, "खिडकीला काच आहे ना." काच उन्हातला सगळ्यात कडक अतिनील भाग अडवते, पण त्याच्या अलीकडचा अतिनील-अ पट्टा बराचसा आत सोडते आणि डोळ्याला दिसणारा उजेड तर सोडतेच, म्हणून तर ती काच. डकार्बझिन आणि मेथोट्रेक्सेट उजेड गिळतात ते साधारण याच पट्ट्यात. अ‍ॅड्रियामायसिन, म्हणजे डॉक्सोरुबिसिन, ते लालभडक औषध, ते तर दिसणारा निळा-हिरवा उजेडच गिळतं, ४८० नॅनोमीटरच्या आसपास. लाल दिसतं ते त्यामुळेच. त्याच्यासाठी ऊनच पाहिजे असंही नाही.

दुसरी सबब, "बाटली तासाभरात संपते." मान्य, बाटली संपते. पण नळी? बारीक, लांब, दोन्ही बाजूंनी उघडी, आणि हळू ड्रिपमध्ये औषध तिच्यात रेंगाळत असतं. बाटलीच्या पोटातल्या पाण्यापर्यंत उजेड पोचायला थोडा तरी अडथळा असतो, नळीत तोही नाही. आणि फार्मसीत मिसळल्यापासून वॉर्डात लावेपर्यंत ती ट्रॉलीवर किती वेळ उभी होती हे कुणी मोजतं?

तिसरी सबब सगळ्यात हुशार माणसं देतात, म्हणून तिच्यावर थोडा थांबतो. "सर, अ‍ॅड्रियामायसिन शरीरात जाऊन फ्री रॅडिकलच तर बनवतं. ब्लिओमायसिन तर लोखंड आणि ऑक्सिजन घेऊन पेशीच्या डीएनएवर रॅडिकलनेच घाव घालतं. मग बाहेर दोन रॅडिकल झाले तर काय बिघडलं?" अहो, विस्तव चुलीत पेटला तर स्वयंपाक होतो आणि गोठ्यात पेटला तर गाय जाते. औषधाने रॅडिकल बनवायचा तो कॅन्सरच्या पेशीत. बाटलीत बनलेला रॅडिकल पेशीपर्यंत जगत नाही, तो बाटलीतच दुसऱ्या औषधाच्या रेणूला चावतो आणि संपतो. म्हणजे चांगलं औषध कमी होतं आणि ज्याची तपासणी कुणी केली नाही असा चोथा वाढतो. पोराला सहाशे मिलिग्रॅम लिहून दिलंय. शिरेत किती गेलं? कागदावर सहाशेच.

आता मी दुसऱ्या टोकालाही जाणार नाही. सगळ्याच केमोच्या बाटल्या काळ्या पिशवीत घाला अशी माझी मागणी नाही. सायक्लोफॉस्फामाइड उन्हाच्या पट्ट्यातला उजेड गिळतच नाही म्हटलं तरी चालेल. पॅक्लिटॅक्सेल सलाईनमध्ये मिसळल्यावर वॉर्डातल्या साध्या उजेडात ठीक असतं. डॉक्सोरुबिसिनचंसुद्धा, ते सिरिंजमधून घट्ट स्वरूपात, मिलीलिटरला दोन मिलिग्रॅम असं दिलं, तर त्या काही मिनिटांत उजेडाने फरक पडत नाही. मिलीलिटरला अर्ध्या मिलिग्रॅमच्या वर घट्टपणा असेल तर नुकसान नगण्य. पण तेच चाळीस मिलिग्रॅम पाचशे मिलीच्या बाटलीत टाकलं की मिलीलिटरला ०.०८ मिलिग्रॅम झालं, आणि पातळ द्रावणात उजेड आरपार जातो. एकच औषध, एकाच वॉर्डात, एका पद्धतीने दिलं तर झाकायची गरज नाही आणि दुसऱ्या पद्धतीने दिलं तर आहे. यासाठी फार्मसीत एक यादी पाहिजे आणि ती वाचणारा माणूस पाहिजे. बस, एवढंच मागतोय.

सिस्टरांवर माझा राग नाही. एका सिस्टरकडे वीस-वीस खाटा, त्यात शिरा सापडत नाहीत, त्यात नातेवाइकांची गर्दी. त्यांनी काय काय बघायचं? राग आहे तो खरेदी करणाऱ्यांवर. उजेड अडवणाऱ्या पिवळसर-तपकिरी नळ्या मिळतात, त्यातून थेंबही दिसतो आणि लेव्हलचा प्रश्नही मिटतो. बाटलीला बाजूला चीर असलेली काळी पिशवी मिळते. नाहीच मिळालं तर फॉइल आहे. कॅन्सरच्या एका खेपेच्या बिलात ही रक्कम हरवून जाईल इतकी छोटी आहे. अडचण पैशाची नाही. पिशवी लावली तर कुणाचं नाव होत नाही आणि नाही लावली तर कुणाचं काही बिघडत नाही, ही अडचण आहे.

आणि हो, याच पोस्टमध्ये दुसऱ्या एका मंडळींचाही समाचार घेतो, कारण "फ्री रॅडिकल" हा शब्द वाचून त्यांचे कान टवकारले असणार. कॅन्सर पेशंटच्या नातेवाइकांना गाठून "अँटिऑक्सिडंट" पावडरी विकणारे. फ्री रॅडिकल वाईट, आमची पावडर त्यांना मारते, म्हणून केमोसोबत रोज दोन चमचे. किंमत विचारू नका. अरे बाबांनो, रेडिएशन काम करतं ते शरीरातल्या पाण्याचे तुकडे करून हायड्रॉक्सिल रॅडिकल बनवूनच. काही केमो औषधं काम करतात ती थोडीफार याच वाटेने. उपचार चालू असताना मोठ्या डोसात ते विझवायचं औषध पाजणं म्हणजे शेगडी पेटवून वर पाणी ओतणं. फिनलंडमध्ये २९ हजारांवर पुरुष धूम्रपान करणाऱ्यांना बीटा-कॅरोटिन आणि ई जीवनसत्त्व देऊन बघितलं, १९९४ साली निकाल आला. बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर कमी नाही झाला, १८ टक्क्यांनी जास्त निघाला. संत्री खा, आवळा खा, कुणी अडवलंय. पण डब्यातली पावडर आपल्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय देऊ नका. आणि माझी ही पोस्ट कापून त्या पावडरीच्या जाहिरातीला जोडली तर मी सरळ सायबरला तक्रार करीन, आधीच सांगतो.

इथपर्यंत बाटलीतलं पाणी झालं. आता त्या पाण्याचं पुढे काय होतं ते बघू, कारण ते पाणी शेवटी आपल्याकडेच येतं. आपल्या नळाला चार-पाच दिवसांनी का होईना, जे येतं ते उजनीचं. उजनीत भीमा येते, भीमेत मुळा-मुठा येते, आणि मुळा-मुठेत काय येतं ते पुण्याच्या लोकांना विचारा. मोठी शहरं, मोठी हॉस्पिटलं. मेथोट्रेक्सेट शिरेतून दिलं तर त्यातलं बहुतेक सगळं, ८० ते ९० टक्के, जसंच्या तसं लघवीवाटे दिवसाभरात बाहेर पडतं. आणि डे-केअरचा पेशंट संध्याकाळी घरी गेलेला असतो, म्हणजे हॉस्पिटलच्या शुद्धीकरण केंद्राचा इथे संबंधच येत नाही.

यावर सरकारी नियम काय? २०१६चे जैववैद्यकीय कचरा नियम. उरलेलं केमो औषध आणि त्याने माखलेल्या वस्तू पिवळ्या पिशवीत वेगळ्या ठेवायच्या, कंपनीकडे परत द्यायच्या किंवा १२०० अंशांच्या वर जाळायच्या. घन कचऱ्यासाठी चांगला नियम आहे. हॉस्पिटलच्या सांडपाण्यासाठी मात्र आम्लता, गाळ, तेल, बीओडी, सीओडी, आणि एक माशाची परीक्षा. त्या पाण्यात मासे सोडायचे, ९६ तासांनी शंभरातले नव्वद जिवंत असले की पाणी पास. जे औषध पेशीच्या डीएनएवर घाव घालतं, वर्षानुवर्षांच्या हिशोबाने, त्याची परीक्षा मासा चार दिवस जगला का यावरून! मासा चार दिवस जगेल हो. त्याचं चार दिवसांत काय बिघडणार.

मग कुणीतरी म्हणतंच, "सूर्यप्रकाशाने नदी आपोआप शुद्ध होते." हे अर्धं खरं आहे आणि अर्ध्या खऱ्यासारखं घातक दुसरं काही नाही. मेथोट्रेक्सेट आणि डॉक्सोरुबिसिन उन्हात तुटतात, खरंय. तुटतात म्हणजे नाहीसे होत नाहीत, हळदीच्या डागाचं वर सांगितलंच. सायक्लोफॉस्फामाइडसारखी औषधं ऊन गिळतच नाहीत, त्यांना दुसऱ्याने तोडावं लागतं. ते काम करतात पाण्यातल्या नायट्रेटवर आणि कुजलेल्या पाल्यापाचोळ्याच्या अंशावर ऊन पडून तयार होणारे हायड्रॉक्सिल रॅडिकल. म्हणजे इथे तोच माथेफिरू आपल्या बाजूने लढतो. पण त्याला ऊन पाहिजे, आणि ऊन पोचतं ते वरच्या थरात. उजनीचं पाणी हिरवं झालं की, जलपर्णीची चादर पसरली की, खाली ऊन जातं किती? युरोपात सांडपाण्यात आणि काही नद्या-तलावांत सायक्लोफॉस्फामाइड सापडलंय, लिटरला काही नॅनोग्रॅम. फार थोडं. तिथे निदान मोजलं तरी.

उजनीचं पाणी पिऊन कॅन्सर होतो असं मी म्हणत नाहीये, कृपा करून असा फॉरवर्ड करू नका. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. मी म्हणतोय ते एवढंच की मोजा. आणि मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलांनी आपल्या सांडपाण्यावर उगमापाशीच अतिनील दिवा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड, किंवा ओझोन, यांची प्रक्रिया करावी. त्यात हायड्रॉक्सिल रॅडिकल मुद्दाम बनवतात आणि औषधाचे रेणू फोडतात. नदीत रामभरोसे जे होऊ द्यायचं ते टाकीत नीट, हिशोबाने करायचं. ही पद्धत नवी नाही.

घरच्या लोकांसाठी एक व्यावहारिक गोष्ट. केमोनंतर दोन दिवस पेशंटने संडास वापरल्यावर झाकण लावून दोनदा फ्लश करायला सांगतात, आणि त्याची लघवी-उलटी पुसणाऱ्याने हातमोजे घालावेत असंही. आमच्या घरी वहिनी पाण्याचे ड्रम मोजून वापरतात, पुढचं पाणी कधी येईल ते महापालिकेलाच माहीत. दोनदा फ्लशचं त्यांनी ऐकलं आणि मला म्हणाल्या, "भावोजी, एकदाचं पाणी कुठनं आणू ते सांगा आधी." माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता कपडे धुतलेलं पाणी बादलीत साठवतो, ते ओततो.

तर आता काय करायचं. तुमच्या माणसाची बाटली लावली की नम्रपणे विचारा, "हे औषध उजेडापासून जपायचं आहे का?" आवाज चढवू नका, सिस्टरांशी भांडू नका. फार्मसीतून खोकं मागून बघा, तुमचा हक्क आहे. खोकं नाही म्हणाले तर निदान औषधाचं नाव लिहून घ्या आणि फार्मासिस्टला विचारा, त्याला नक्की माहीत असतं, त्याला कुणी विचारत नाही एवढंच. डकार्बझिनचं पाणी गुलाबी दिसलं तर तिथल्या तिथे डॉक्टरांना दाखवा, स्वतः बाटली बंद करायला जाऊ नका. पिशवीत एक फॉइलची गुंडाळी ठेवा.

मी एक निवेदन लिहिलंय, दीड पानाचं. खिडकीपाशी ड्रिप लावू नयेत किंवा पडदे लावावेत, उजेडाला नाजूक औषधांची मराठीत यादी वॉर्डात लावावी, आणि फार्मसीतून बाटली निघतानाच झाकून, तिच्यावर "उजेडापासून जपा" अशी मराठी चिठ्ठी लावून निघावी. सोमवारी अकरा वाजता आपल्या शहरातल्या केमो देणाऱ्या सगळ्या हॉस्पिटलांत ते द्यायला सुरुवात करतोय. माझे तीन जुने विद्यार्थी, तिघेही फार्मासिस्ट, सोबत आहेत. चौथा पाहिजे, ज्याच्याकडे गाडी आहे असा. यायचं असेल तर मेसेज करा. पुतण्याची पुढची खेप गुरुवारी आहे, त्या दिवशी मी फोन उचलणार नाही.